तीनदा चढलेली ऑर्डर

बीसीए झाल्यावर वर्गातली निम्मी पोरं हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला गेली. मी घरच्या कारणाने सोलापुरातच राहिलो आणि होटगी रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात जावाचं काम शिकायला लागलो. पहिलं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं. सर्व्हलेट (ब्राउझरची विनंती हाताळणारा जावा कोड), जेएसपी (पान तयार करणारी फाइल) आणि टॉमकॅट (हे दोन्ही चालवणारा सर्व्हर) वापरून ऑर्डरनोंदणी. आता नवीन पोरं थेट स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कपासून सुरुवात करतात. खुशाल करा, पण त्यातल्या 'फॉरवर्ड:' आणि 'रिडायरेक्ट:' या पुढच्या पानाकडे पाठवायच्या दोन वाटांच्या पोटात मी खाली सांगतोय तेच सगळं आहे.

पंधरा दिवस बरे गेले. मग कारखान्यातून दिवाणजींचा फोन.

"ओ सर, बार्शीच्या गिऱ्हाईकाची पन्नास डझनाची ऑर्डर तीनदा चढलीय की. मी एकदाच दाबलंय बघा."

साठीचा माणूस मला सर म्हणत होता आणि मी दोन तास डेटाबेसला शिव्या घालत होतो. शेवटी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. ऑर्डर सेव्ह झाली, पावती स्क्रीनवर आली, पण प्रिंटरने कागद ओढला नाही. काकांनी एफ-५ दाबलं. माहिती पुन्हा पाठवू का, असं ब्राउझरने विचारलं. काकांनी हो केलं.

"एवढं विचारतंय तर नाही कसं म्हणायचं?"

चूक माझीच होती. ऑर्डर टेबलात घालून मी पावतीच्या जेएसपीकडे फॉरवर्ड केलं होतं. फॉरवर्ड म्हणजे रिक्वेस्टडिस्पॅचरने आलेली विनंती सर्व्हरच्या आतल्या आत दुसऱ्याच्या हातात देणं. ब्राउझरला त्याचा पत्ताच नसतो. ॲड्रेस बारमध्ये 'सेव्ह'चाच पत्ता राहतो, आणि ब्राउझरच्या लेखी शेवटची विनंती म्हणजे तीच पोस्ट (फॉर्ममधली माहिती सर्व्हरला देणारी विनंती). रिफ्रेश केलं की पुन्हा पोस्ट, पुन्हा पन्नास डझन.

सेंडरिडायरेक्टचं वेगळं. सर्व्हर ३०२ ('दुसऱ्या पत्त्यावर जा') हा कोड आणि लोकेशन हेडरमध्ये नवा पत्ता देतो, आणि ब्राउझर त्या पत्त्यावर नव्याने गेट (नुसतं पान मागणारी विनंती) करतो. आता कितीही रिफ्रेश करा, पावतीच पुन्हा येते. याला पोस्ट-रिडायरेक्ट-गेट म्हणतात. (काटेकोर बोलायचं तर इथे ३०३ ('त्या पत्त्यावर गेटनेच जा') जास्त योग्य, पण ३०२ वरही ब्राउझर पोस्टचं गेट करतातच.)

बदल केला, तर पावती कोरी! कारखान्याच्या भाषेत सांगतो. फॉरवर्ड म्हणजे सूत रंगवायला कारखान्यानेच डाइंगवाल्याकडे पाठवलं, सोबत चलन गेलं. रिडायरेक्ट म्हणजे "आमच्याकडे रंग होत नाही, त्या पत्त्यावर जा" असं गिऱ्हाईकाला सांगितलं. गिऱ्हाईक गेलं, चलन आपल्याच टेबलावर. रिक्वेस्टच्या ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे विनंतीसोबतच्या चलनावर, ठेवलेली ऑर्डर पहिल्या विनंतीबरोबरच संपते. म्हणून पत्त्यात फक्त ऑर्डर क्रमांक पाठवायचा आणि पावतीच्या सर्व्हलेटने ती डेटाबेसमधून नव्याने वाचायची. ही ऑर्डर या माणसाने बघायची आहे का, हेही तिथेच तपासायचं, नाहीतर पत्त्यातला आकडा बदलून कोणीही कोणाचीही पावती बघेल. "ऑर्डर नोंदवली" एवढा निरोप सेशनमध्ये (एका माणसाच्या अनेक विनंत्यांमध्ये सर्व्हरवर टिकणारी जागा) ठेवा, दाखवला की काढून टाका.

मग स्लॅशने छळलं. माझ्या मशीनवर चालणारं रिडायरेक्ट कारखान्यात ४०४ (पान सापडलं नाही) द्यायचं. डिस्पॅचरला दिलेल्या पत्त्यातला पहिला स्लॅश म्हणजे आपल्या ॲप्लिकेशनचं मूळ. रिडायरेक्टमध्ये तोच स्लॅश म्हणजे अख्ख्या सर्व्हरचं मूळ. माझ्याकडे ॲप्लिकेशन मुळावरच बसवलं होतं, तिकडे 'टॉवेल' नावाखाली. रिडायरेक्ट करताना पत्त्याच्या सुरुवातीला कॉन्टेक्स्ट पाथ, म्हणजे सर्व्हरवरचं ॲप्लिकेशनचं नाव, जोडायचा, हे त्या दिवशी हाताला लागलं.

सगळ्यात घातक चूक मात्र गुपचूप राहते. फॉरवर्ड किंवा रिडायरेक्टची ओळ आली म्हणून मेथड (चालू असलेला कोडचा तुकडा) थांबत नाही. लॉगिन नाही म्हणून रिडायरेक्ट केलं आणि मेथड तिथेच संपवणारं 'रिटर्न' विसरलात, तर खालची ऑर्डर डिलीट करणारी ओळ बिनबोभाट चालते. खाली फॉरवर्ड असेल तर निदान इललीगलस्टेटएक्सेप्शन ही एरर येऊन बोंब तरी होते.

म्हणून फॉरवर्ड वाईट असं नाही. फॉर्ममध्ये चूक असेल तर भरलेलं सगळं तसंच ठेवून तोच फॉर्म दाखवायला फॉरवर्डच हवं. जेएसपी वेब-इन्फ फोल्डरमध्ये ठेवा, ब्राउझरला तिथे थेट जाता येत नाही, फॉरवर्डला येतं. फक्त लक्षात ठेवा, वेगळं सांगितल्याशिवाय फिल्टर (सर्व्हलेटच्या आधी विनंती तपासणारा कोड) फॉरवर्डवर चालत नाही. जुनी उदाहरणं उतरवताना आणखी एक: टॉमकॅट १० पासून पॅकेजच्या नावात 'जावाएक्स' जाऊन 'जकार्ता' आलंय. यात माझी एक संध्याकाळ गेली.

वाचून डोक्यात बसत नसेल तर एफ-१२ दाबून नेटवर्कचा टॅब उघडा. फॉरवर्डला एकच ओळ दिसेल. रिडायरेक्टला दोन: आधी ३०२, मग २०० (सगळं ठीक).

दुरुस्ती बसवून मी दिवाणजींना एफ-५ दाबायला सांगितलं. त्यांनी दाबलं, थोडं थांबून पुन्हा दाबलं, आणि माझ्याकडे वळले.

"आता काहीच विचारत नाही ओ. बिघडलं का काय?"