टाइप केलेल्या मजकुराची संख्या करताना आधी काय ठरवायचं

कुणाचाही कोड तपासायला आला की मी आधी एकच जागा शोधते: माणसाने टाइप केलेला मजकूर जिथे आत येतो आणि त्याची संख्या होते. पुढचे हिशेब कितीही नीट लिहिलेले असोत, इथे ढिलाई असेल तर ते चुकीच्या संख्येवर बिनचूक चालत राहतात. नवशिक्यांना हे काम एका ओळीचं वाटतं. ओळ एकच असते हे खरं. पण तिच्याआधी काही गोष्टी ठरवाव्या लागतात, आणि आपण त्या ठरवल्या नाहीत तर भाषेतलं तयार फंक्शन आपल्या वतीने ठरवून टाकतं.

(खाली फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, एडिटरमध्ये ती रोमन लिपीतच लिहायची. उदाहरणांतले आकडेही, वेगळं सांगितलं नसेल तिथे, कीबोर्डवरचे नेहमीचे इंग्रजी आकडे समजा.)

कीबोर्डवरून येतो तो मजकूरच. पायथन ३ मधलं इनपुट() नेहमी स्ट्रिंग देतं, म्हणजे अक्षरांची माळ. ब्राउझरच्या फॉर्ममध्ये चौकटीचा प्रकार ‘नंबर’ ठेवला तरी तिची ‘व्हॅल्यू’ स्ट्रिंगच असते. रूपांतर करायचं राहून गेलं तर जावास्क्रिप्टमध्ये '५' + ३ चं उत्तर '५३' येतं. '५' - ३ चं उत्तर मात्र २ येतं, त्यामुळे चूक निम्म्याच ठिकाणी दिसते आणि शोधायला जास्त वेळ जातो. तुलनेतही घोटाळा होतो: स्ट्रिंग म्हणून '१०' हे '९' पेक्षा लहान ठरतं, कारण पहिल्या अक्षराला पहिलं अक्षर लावून पाहिलं जातं.

आता पहिला प्रश्न, जो बहुतेक जण विचारतच नाहीत: ही मुळात संख्या आहे का? फोन नंबर, पिनकोड, खाते क्रमांक हे आकड्यांनी लिहिलेले असतात, पण त्यांची बेरीज किंवा सरासरी काढण्याला काही अर्थ नसतो. अर्थ नसेल तर ते स्ट्रिंगच ठेवा. '००४२' चं ४२ झालं की सुरुवातीची शून्यं गेली, ती परत कुठून आणणार? शिवाय जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक भरवशाने सांभाळते. त्यापुढे शेवटचे अंक गुपचूप बदलू शकतात, कुठलीही एरर न येता.

दुसरा प्रश्न, पूर्णांक हवा की दशांश? पायथनमध्ये इंट('१२.५') लिहिलंत तर व्हॅल्यूएरर येते. ती टाळायला लोक आधी फ्लोट() (दशांश संख्या करणारं फंक्शन) करतात आणि मग त्यावर इंट(). एरर जाते, पण अर्धाही जातो. वापरणाऱ्याने साडेबारा लिहिले होते, तुमच्याकडे बारा उरले, आणि त्याला कुणी सांगितलंही नाही. पैशांची रक्कम असेल तर फ्लोटच्या वाटेला जाऊच नका. ०.१ + ०.२ चं उत्तर तिथे ०.३०००००००००००००००४ येतं, कारण हे अपूर्णांक द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत नेमके मावत नाहीत. मजकुरावरून थेट डेसिमल('०.१') करा, पायथनचा हा प्रकार दशांश नेमके सांभाळतो. मजकुराचं आधी फ्लोट करून मग डेसिमल केलंत तर फ्लोटची चूकही सोबत येते.

खरी मेख पुढे आहे. प्रत्येक भाषेतलं फंक्शन किती सैल आहे ते माहीत करून घ्यावंच लागतं. जावास्क्रिप्टचं पार्सइंट() सुरुवातीचे अंक उचलतं आणि बाकीचं सोडून देतं: '१२ वर्षं' चं १२, आणि '१,२३४' चं १. मला हे अजिबात मान्य नाही. हजाराच्या रकमेचा एक झाला तरी प्रोग्राम हूं की चूं करत नाही. नंबर() जरा कडक आहे, उरलेली अक्षरं दिसली की ‘नॅन’ देतं, म्हणजे ‘संख्या नाही’. पण रिकाम्या स्ट्रिंगचं ते ० करतं, नुसत्या स्पेसचंही ०. यातून एक फसवी साखळी तयार होते. ‘नंबर’ प्रकारच्या चौकटीत कुणी निरर्थक काही टाइप केलं की ब्राउझर तिची व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग म्हणून देतो, नंबर() त्याचं शून्य करतं, आणि न भरलेली माहिती ‘शून्य’ म्हणून डेटाबेसमध्ये जाऊन बसते. म्हणून जावास्क्रिप्टमध्ये रिकामेपणाची तपासणी रूपांतराच्या आधी करा, नंतर नाही.

सी मध्ये एटॉय() वापरूच नका. 'अबक' दिलं तरी ०, '०' दिलं तरी ०, फरक कळायला मार्ग नाही. स्ट्रटॉल() घ्या. ते वाचन कुठे थांबलं तो पॉइंटर (त्या जागेचा पत्ता) देतं. तो सुरुवातीलाच असेल तर एकही अंक मिळाला नाही, स्ट्रिंगच्या शेवटी नसेल तर मागे कचरा उरला. संख्या मावली नाही तर एररनोमध्ये (सी जिथे एररचा क्रमांक ठेवतं तिथे) ‘ईरेंज’, म्हणजे ‘मर्यादेबाहेर’, येतं, मात्र बोलावण्याआधी एररनो स्वतः शून्य करून ठेवावं लागतं. पाया (कोणत्या संख्यापद्धतीत वाचायचं ते) १० असाच सांगा. पाया ० दिलात तर '०१०' हे अष्टमान समजून ८ होतं. स्कॅनएफने थेट पूर्णांक वाचायचा मोहही टाळा: चुकीचं अक्षर आलं की ते इनपुटमध्येच अडकून राहतं आणि लूप थांबता थांबत नाही. पूर्ण ओळ वाचा, मग तिचं रूपांतर करा.

जावाचं इंटिजर.पार्सइंट() कडक आहे, पुढेमागे स्पेस असली तरी एक्सेप्शन (एरर) फेकतं, आणि २१४७४८३६४७ च्या पुढे गेलात तरीही. सी शार्पमध्ये ट्रायपार्स आहे. ते जमलं की नाही हे खरं-खोटं मध्ये सांगतं, ते उत्तर मात्र वाचायलाच हवं, कारण न जमल्यास संख्येच्या जागी ० ठेवलेलं असतं.

दशांश स्वीकारत असाल तर आणखी एक दार बंद करा. पायथनचं फ्लोट() 'नॅन' आणि 'इन्फ' (अनंत) ही रोमन अक्षरांतली स्ट्रिंगही आनंदाने घेतं. नॅनशी केलेली लहान-मोठेपणाची कुठलीही तुलना खोटी ठरते. म्हणजे ‘० पेक्षा लहान किंवा १०० पेक्षा मोठी असेल तर नाकारा’ ही अट नॅन सहज ओलांडतं. अट उलटी लिहा: ‘० ते १०० मध्ये असेल तरच स्वीकारा’. तर्क तोच वाटतो, पण नॅन बाहेर राहतं.

आता लिपी आणि स्वल्पविराम. युनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) अनेक लिप्यांचे दशमान अंक आहेत. देवनागरी कीबोर्डवरून '१२३' टाइप केलं तर पायथनचं इंट() आणि जावाचं पार्सइंट() त्याचं बरोबर एकशे तेवीस करतात. जावास्क्रिप्टचं नंबर() नॅन देतं, सी शार्प एक्सेप्शन फेकतं. ज्याने देवनागरीत आकडा लिहिला त्याने काहीच चूक केलेली नाही, तेव्हा असे अंक आधी इंग्रजी अंकांत बदलून घेणं हे आपलं काम, असं माझं ठाम मत आहे. पायथनमध्ये इझडिजिट() वर मात्र विसंबू नका. वर्गाचं चिन्ह म्हणून लिहितो तो वर चढवलेला २ त्यात पास होतो आणि इंट() मध्ये आपटतो. इझडेसिमल() योग्य.

स्वल्पविराम सरसकट पुसू नका. जर्मन पद्धतीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजारांना टिंब असतं. सी शार्पमध्ये जर्मन कल्चर (त्या भाषा-प्रदेशाच्या लिहिण्याच्या पद्धती) चालू असताना '१.५' चं १५ होतं. माणसाने टाइप केलेलं त्याच्या लोकेलप्रमाणे (त्याच्या भाषा-प्रदेशाच्या पद्धतीने) वाचा, फाइलमधून किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडून आलेलं ‘इन्व्हेरियंट’, म्हणजे कुठल्याही प्रदेशाला न बांधलेल्या, कल्चरने.

वयाच्या चौकटीसाठी मी लिहून देते तो आराखडा असा:

वय_वाचा(मजकूर):
  म = मजकुराच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा काढून
  म रिकामा असेल → “वय भरा”
  म मधले देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदला
  म मध्ये ० ते ९ सोडून काहीही असेल → “वय फक्त आकड्यांत लिहा”
  म ची लांबी ३ पेक्षा जास्त असेल → “वय ० ते १३० मध्ये हवं”
  न = इंट(म)
  न ० ते १३० मध्ये असेल → न परत द्या
  नाहीतर → “वय ० ते १३० मध्ये हवं”

लांबीची अट रूपांतराच्या आधी आहे, कारण अवाढव्य लांबीच्या अंकमालेचं रूपांतर फार वेळ खातं. पायथनने ३.११ पासून इंट() ला ४३०० अंकांची मर्यादा घातली ती याच कारणाने. इथे उणे चिन्ह चालत नाही. तापमानाच्या चौकटीत ते चालवावं लागेल, म्हणजे आराखडा चौकटीगणिक वेगळा.

नाकारलं तर टाइप केलेला मजकूर चौकटीत तसाच राहू द्या. पुसून टाकलात तर माणसाला आपण काय चुकलो ते दिसतच नाही. ब्राउझरमध्ये तपासलं असलं तरी सर्व्हरवर हे सगळं पुन्हा तपासा, कारण सर्व्हरकडे येणारी विनंती तुमच्याच फॉर्ममधून आली असेल याची खात्री नसते.

चाचणीला मी हे घेते: रिकामी स्ट्रिंग, एक स्पेस, '०', '-१', '+५', '१२.५', '१,२३४', '१२ वर्षं', '००७', देवनागरीतला आकडा, नॅन, कमाल मर्यादा आणि तिच्याहून एकाने जास्त, आणि '९' हा अंक दहा हजार वेळा असलेला, चिकटवलेला मजकूर.