पिट्सबर्ग पायरेट्सचा ड्राफ्ट आणि मायनर लीग जोखताना या चुका टाळा

बेसबॉलच्या एखाद्या संघाची ड्राफ्टमधल्या निवडींची जुनी यादी समोर आली की शिक्के मारायचा मोह होतो. हा फुकट गेला, तो हिरा निघाला. पिट्सबर्ग पायरेट्सच्या बाबतीत तर हा मोह आवरतच नाही. १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षं या संघाच्या विजयांपेक्षा पराभव जास्त होते. तेव्हा त्यांना खेळाडू निवडताच येत नसणार, असं लोक गृहीत धरतात. यादी नीट वाचली तर चित्र बरंच वेगळं दिसतं. पायरेट्सनी अनेक वेळा चांगले खेळाडू निवडले आणि मग त्यांचं चीज केलं नाही. निवड, घडण आणि व्यवहार या तीन गोष्टींचा हिशोब वेगवेगळा मांडायला हवा. तो एकत्र केला की सगळे निष्कर्ष चुकतात.

ज्यांना ड्राफ्ट नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथे आयपीएलच्या लिलावासारखी बोली लागत नाही. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नाव घेतात आणि त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क त्या एकाच संघाला मिळतो. मागच्या मोसमात तळाला राहिलेले संघ आधी निवडतात. २०२३ पासून मात्र सुरुवातीच्या जागा सोडतीने ठरतात. खेळाडूला नकार द्यायची मुभा असते. शाळा संपवलेला मुलगा पैसे पटले नाहीत तर सरळ कॉलेजात जातो. ही मुभा लक्षात ठेवा, कारण पुढचा निम्मा घोळ तिच्यातूनच होतो.

पहिल्या निवडीवरून सगळी तुकडी जोखू नका

२०२१ मध्ये पायरेट्सना पहिला क्रमांक मिळाला आणि त्यांनी लुईव्हिल विद्यापीठाचा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) हेन्री डेव्हिस घेतला. २०२५ अखेरपर्यंत मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, डेव्हिसच्या बॅटने निराशाच केली आहे. त्यामुळे ‘२०२१ वाया गेलं’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. पण त्या वर्षी पैसे कुठे गेले ते पाहा.

२०१२ पासून करार करताना निवडलेल्या खेळाडूंना द्यायच्या बोनसच्या एकूण रकमेवर प्रत्येक संघाला मर्यादा आहे. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला एक रक्कम नेमून दिलेली असते आणि त्यांची बेरीज म्हणजे संघाचा निधी. तो ५ टक्क्यांहून जास्त ओलांडला तर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड जाते. २०२१ मध्ये पहिल्या क्रमांकाची रक्कम सुमारे ८४ लाख डॉलर होती. डेव्हिस ६५ लाखांवर राजी झाला. वाचलेल्या पैशांमुळे पायरेट्सना अँथनी सोलोमेटो, लॉनी व्हाइट आणि बबा चँडलर या शाळकरी मुलांना कॉलेजपासून वळवता आलं. चँडलर क्लेम्सन विद्यापीठात फुटबॉलही खेळणार होता. तिसऱ्या फेरीत त्याला ३० लाख डॉलर मिळाले, म्हणजे त्या जागेच्या रकमेच्या तिपटीहून जास्त. हाच चँडलर पुढे मायनर लीगमधल्या, म्हणजे मेजर लीगखालच्या खेळाडू घडवणाऱ्या पातळ्यांवरच्या, सर्वांत आशादायक पिचरांपैकी (चेंडू टाकणाऱ्यांपैकी) एक ठरला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेजर लीगमध्ये आला. डेव्हिस आणि चँडलर हा एकच निर्णय होता. त्यातल्या अर्ध्यालाच गुण देता येणार नाहीत.

याची दुसरी बाजूही आहे. २००९ मध्ये बोनसवर आजच्यासारखी सक्तीची मर्यादा नव्हती, तरी पायरेट्सनी असाच डाव टाकला होता. चौथ्या क्रमांकावर तुलनेने स्वस्तात कॅचर टोनी सँचेझ घेतला आणि उरलेला पैसा पुढच्या फेऱ्यांत शाळकरी पिचरांवर लावला. त्या पिचरांपैकी एकालाही पायरेट्सच्या मेजर लीग संघात जम बसवता आला नाही, सँचेझलाही नाही. सगळा डाव फसला. म्हणजे ही पद्धत चांगली की वाईट, हे एका वर्षावरून ठरवता येत नाही.

आज कळलेलं तेव्हा माहीत होतं असं धरू नका

‘२००९ मध्ये सँचेझ घेतला आणि माइक ट्राउट सोडला!’ हे वाक्य पिट्सबर्गमध्ये अजून ऐकू येतं. ट्राउट २५ व्या क्रमांकावर लॉस एंजेलिस एंजल्सकडे गेला. पण एंजल्सकडे २४ वा क्रमांकही होता आणि तिथे त्यांनी रँडल ग्रिचकचं नाव घेतलं. ज्यांनी ट्राउटला निवडलं त्यांनीच एकदा त्याला सोडून दुसऱ्याला घेतलं होतं. अल्बर्ट पूहोल्स १९९९ मध्ये १३ व्या फेरीत गेला, माइक पियाझा १९८८ मध्ये ६२ व्या. अशी नावं वापरून एखाद्या संघाला झोडपण्यात अर्थ नाही. ती सगळ्यांनीच सोडली होती.

खरा प्रश्न असा विचारायचा: त्या दिवशी, त्या जागेच्या आसपास, सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव कोणतं होतं आणि ते का टाळलं?

या कसोटीवर २००७ ची निवड टिकत नाही. जॉर्जिया टेकचा कॅचर मॅट विटर्स त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जात होता. पायरेट्सनी चौथ्या क्रमांकावर त्याला सोडून डॅनियल मॉस्कॉस हा पिचर घेतला. पाचव्या क्रमांकावर बाल्टिमोर ओरिओल्सनी विटर्सला उचललं आणि ६० लाख डॉलर मोजले. विटर्स चार वेळा ऑल-स्टार झाला, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. मॉस्कॉस मेजर लीगमध्ये एकाच मोसमात, २०११ मध्ये, दिसला. ही चूक स्काउटांच्या (खेळाडू हेरणाऱ्यांच्या) माथी मारू नका. खेळाडू ओळखला होता, खिशात हात घालायची तयारी नव्हती. २००२ ची गोष्ट वेगळी. तेव्हा पहिल्या क्रमांकावर ब्रायन बुलिंग्टन घेतला. झॅक ग्रँकी सहावा, प्रिन्स फील्डर सातवा आणि कोल हॅमल्स सतरावा गेला. बुलिंग्टनला पायरेट्ससाठी एकही सामना जिंकता आला नाही. सगळ्यांत आधी निवडायची संधी हातात असताना मोठ्या झेपेचा खेळाडू सोडून सुरक्षित वाटणारा पिचर घ्यायचा, ही धास्ती संघाला महागात पडली.

निवड, घडण आणि व्यवहार यांची सरमिसळ करू नका

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच.

२०११ चा ड्राफ्ट घ्या. पायरेट्सनी पहिल्या क्रमांकावर गेरिट कोल घेतला. दुसऱ्या फेरीत जॉश बेल होता. त्याने मी कॉलेजलाच जाणार असं संघांना कळवून ठेवलं होतं, तरी ५० लाख डॉलर देऊन त्याला वळवलं. पाचव्या फेरीत टायलर ग्लासनाउ मिळाला. त्या वर्षी त्यांनी एकूण सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर बोनस वाटला, तेव्हाचा विक्रम. एका ड्राफ्टमधून असे तीन खेळाडू मिळणं हे कुठल्याही संघाला अभिमान वाटावा असं काम आहे.

मग काय झालं? पायरेट्सच्या प्रशिक्षकांचा भर खाली पडणाऱ्या, जमिनीवर फटके मारायला लावणाऱ्या सिंकरवर होता. जानेवारी २०१८ मध्ये कोलला ह्यूस्टन अॅस्ट्रोजकडे पाठवलं आणि बदल्यात जो मसग्रोव्हसह चार खेळाडू घेतले. ह्यूस्टनने सिंकर कमी करून त्याचा वेगवान चेंडू उंच टाकायला लावला, वळणारे चेंडू वाढवले. २०१९ मध्ये त्याने ३२६ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं. पुढे न्यू यॉर्क यँकीजने त्याला ९ वर्षांसाठी ३२ कोटी ४० लाख डॉलर दिले.

३१ जुलै २०१८ चा व्यवहार तर माझ्या मनातून जात नाही. टँपा बे रेजकडून क्रिस आर्चर घेतला आणि बदल्यात ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि नंतर २०१७ च्या ड्राफ्टमधला बारावा, शेन बाझ असे तिघे दिले. पुढच्याच वर्षी मेडोज ऑल-स्टार झाला. आर्चरची त्याच मोसमातली पिट्सबर्गमधली इआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या धावा, कमी तितकी चांगली) ५.१९ होती.

यातला मेडोज कुठून आला होता हेही पाहा. २०१२ मध्ये पायरेट्सनी आठव्या क्रमांकावर मार्क अॅपेल निवडला, त्याने करार नाकारला. भरपाई म्हणून २०१३ मध्ये नववा क्रमांक मिळाला आणि तिथे मेडोज आला. अॅपेलला २०१३ मध्ये ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर घेतलं, पण मेजर लीग त्याला दिसली थेट २०२२ मध्ये, फिलाडेल्फियाकडून. यादीत नुसतं ‘२०१२: करार नाही’ एवढंच वाचणारा माणूस ही सगळी साखळीच हरवून बसतो.

म्हणून तक्ता करताना प्रत्येक नावासमोर तीन रकाने ठेवा. निवडताना त्याच्याबद्दल काय मत होतं, संघाच्या हातात असताना तो सुधारला का, आणि तो गेला तेव्हा बदल्यात काय आलं. पायरेट्सचा पहिला रकाना बऱ्याच वर्षांत बरा दिसेल. दुसरा आणि तिसरा पाहून जीव तुटतो.

मायनर लीगचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका

पायरेट्सचे खेळाडू ब्रेडेंटन, ग्रीन्सबोरो, अल्टूना (डबल-ए) आणि इंडियानापोलिस (ट्रिपल-ए, मेजर लीगच्या लगेच खालची) इथल्या मायनर लीग संघांच्या पायऱ्यांनी वर चढतात. ग्रीन्सबोरोचं मैदान छोटं आहे, चेंडू सहज कुंपणापार जातो. तिथे होमरनची रास लावणाऱ्या फलंदाजाबद्दल लगेच उड्या मारू नका आणि तिथे मार खाल्लेल्या पिचरला लगेच बाद करू नका. घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवरचे आकडे वेगळे काढा. इंडियानापोलिसच्याच पातळीवरच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये आल्बुकर्की, रेनो अशी उंचीवरची शहरं आहेत. विरळ हवेत चेंडू लांब जातो, म्हणून तिथले आकडे इंडियानापोलिसच्या आकड्यांशेजारी ठेवताना तर फारच जपून.

वय आधी पाहा, सरासरी नंतर. डबल-एमध्ये बरेच खेळाडू २३-२४ वर्षांचे असतात. तिथे २० वर्षांचा मुलगा .२६० च्या सरासरीने खेळला तर २५ वर्षांच्या खेळाडूच्या .३०० पेक्षा मला तो जास्त आशादायक वाटतो. लहान नमुन्यात फलंदाजीची सरासरी नशिबावर हेलकावते. स्ट्राइकआउट आणि वॉकचं (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणाऱ्या फुकट बेसचं) प्रमाण त्या मानाने लवकर स्थिरावतं. अल्टूनाला पोहोचल्यावर हे प्रमाण टिकतं का ते पाहा. तिथे पिचर चेंडू हवा तिथे टाकू शकतात आणि कमकुवत जागा हेरतात.

फार्म सिस्टीमचा क्रमांक घसरला म्हणजे बिघाड झाला असं नाही

फार्म सिस्टीम म्हणजे संघाच्या मायनर लीगमधल्या सगळ्या खेळाडूंचा साठा. त्याच्या क्रमवारीत फक्त नवोदित मोजतात. मेजर लीगमध्ये १३० अॅट-बॅट किंवा ५० इनिंग झाल्या की खेळाडू यादीतून बाहेर पडतो. २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला पॉल स्कीन्स (बोनस ९२ लाख डॉलर) मे २०२४ मध्ये वर आला आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. २०२५ मध्ये त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही मिळवला. तो यादीतून गेल्यावर यादी अशक्त दिसणारच. घसरण दिसली की आधी विचारा, माणसं वर गेली, विकली गेली की ढेपाळली?

ड्राफ्ट म्हणजेच सगळी नर्सरी नव्हे

ड्राफ्टमध्ये फक्त अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिकोसारख्या अमेरिकी प्रदेशांतले खेळाडू येतात. स्टार्लिंग मार्टे आणि ग्रेगरी पोलांको हे दोघे डोमिनिकन रिपब्लिकमधून थेट करारावर आले. ओनील क्रूझ २०१७ मध्ये टोनी वॉटसनच्या बदल्यात डॉजर्सकडून मिळाला. २००८ मध्ये याच पायरेट्सनी उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंना करारबद्ध केलं, तेही ड्राफ्टच्या बाहेरून.

शिवाय रूल-५ ड्राफ्ट आहे. १८ व्या वर्षी किंवा त्याआधी करार केलेल्या खेळाडूला साधारण पाच मोसमांत, त्याहून मोठ्याला चार मोसमांत संघाच्या मुख्य ४० जणांच्या यादीत घ्यावं लागतं, नाहीतर दुसरा संघ त्याला उचलू शकतो. रॉबर्टो क्लेमेंटे पायरेट्सना १९५४ मध्ये अशाच वाटेने, डॉजर्सच्या मायनर लीगमधून मिळाला.

घाईने निकाल लावू नका

२०१० मध्ये ब्राइस हार्परनंतर आणि मॅनी मचाडोच्या आधी, दुसऱ्या क्रमांकावर पायरेट्सनी जेमसन टायॉन घेतला. २०१४ मध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया, २०१५ मध्ये हर्निया. दोन पूर्ण मोसम गेले आणि लोकांनी त्याचं नाव खोडलं. जून २०१६ मध्ये तो मेजर लीगमध्ये आला, २०१७ मध्ये वृषणाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करून काही आठवड्यांत परतला आणि २०१८ मध्ये संघाचा भरवशाचा पिचर झाला. मचाडो त्याच्याहून मोठा खेळाडू ठरला हे खरंच, पण म्हणून टायॉनची निवड फसली असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

शाळेतून घेतलेल्या मुलाला पाच-सहा वर्षं द्या, कॉलेजच्या खेळाडूला तीन-चार. शाळकरी पिचर असेल तर आणखी एक वर्ष धरा, कारण दुखापतीचा मोसम मधे आलाच म्हणून समजा. २०२४ मध्ये नवव्या क्रमांकावर घेतलेला मिसिसिपीचा शाळकरी मुलगा कॉनर ग्रिफिन पहिल्याच पूर्ण मोसमात ब्रेडेंटनहून अल्टूनापर्यंत पोहोचला. अशी झेप क्वचितच दिसते, तेव्हा त्याच्या वेगाने त्याच तुकडीतल्या बाकीच्यांना मोजू नका. त्यांच्या नावांपुढचे दुसरा आणि तिसरा रकाना सध्या कोरेच ठेवा.