‘दुएर्मिएन्दो’ नव्हे, ‘दुर्मिएन्दो’: स्पॅनिशमध्ये धातू बदलणाऱ्या क्रियापदांचं हेरुन्दियो कसं करायचं

स्पॅनिश शिकताना ‘दुएर्मिएन्दो’ ही चूक फार जणांच्या तोंडून होते, आणि ती समजण्यासारखी आहे. दोर्मीर म्हणजे झोपणे. ‘मी झोपतो’ हे दुएर्मो, मग ‘झोपत’ हे दुएर्मिएन्दो असणार असं वाटतं. बरोबर रूप आहे दुर्मिएन्दो. आपल्या ‘करत, खात, बोलत’सारख्या या रूपाला स्पॅनिशमध्ये हेरुन्दियो म्हणतात. ते करताना वर्तमानकाळाचं रूप बाजूला ठेवा आणि शब्दकोशातल्या मूळ रूपापासून सुरुवात करा.

आधी मूळ रूपाचा शेवट बघा. तो -आर असेल तर तो काढून -आन्दो लावा, -एर असेल तर -इएन्दो. या दोन गटांत धातू बदलत नाही, वर्तमानकाळात कितीही बदलत असला तरी. पेन्सार (विचार करणे) वर्तमानात पिएन्सो होतं, पण हेरुन्दियो पेन्सान्दो. हुगार (खेळणे) – हुएगो – हुगान्दो. बोल्बेर (परतणे) – बुएल्बो – बोल्बिएन्दो.

शेवट -ईर असेल तर थांबा. वर्तमानात धातू बदलणारं -ईर क्रियापद हेरुन्दियोतही बदलतं, पण वेगळ्या तऱ्हेने: धातूतल्या शेवटच्या ‘ए’चा ‘इ’ होतो आणि ‘ओ’चा ‘उ’. मग -इएन्दो लावा.

पेदीर (मागणे) – पिदिएन्दो
सेर्बीर (जेवण वाढणे) – सिर्बिएन्दो
देसीर (सांगणे) – दिसिएन्दो
प्रेफेरीर (जास्त पसंत करणे) – प्रेफिरिएन्दो
मोरीर (मरणे) – मुरिएन्दो

प्रेफेरीरमध्ये दोन ‘ए’ आहेत. बदलतो तो दुसरा.

यामागे आघाताचा, म्हणजे उच्चारातल्या जोराचा, हिशेब आहे. दुएर्मोमध्ये आघात धातूवर पडतो, म्हणून तिथला ‘ओ’ फुटून ‘उए’ होतो. दुर्मिएन्दोमध्ये आघात पुढे ‘-एन्दो’वर सरकतो, त्यामुळे ‘उए’ला जागाच उरत नाही. आपल्याकडे ‘मीठ’चं ‘मिठात’ आणि ‘पूल’चं ‘पुलावर’ होतं, तसंच काहीसं: पुढे प्रत्यय आला की मागचा स्वर आखडतो. नियम वेगळा आहे, पण मराठी कानाला ही चाल ओळखीची वाटते.

माझ्या मते सगळ्यात चांगला सराव सेन्तार (बसवणे) आणि सेन्तीर (वाटणे, जाणवणे) या जोडीवर होतो. ‘मी बसवतो’ आणि ‘मला जाणवतं’, दोन्हींसाठी रूप एकच, सिएन्तो. हेरुन्दियोत मात्र वाटा फुटतात: सेन्तान्दो आणि सिन्तिएन्दो. ही जोडी पक्की झाली की वर्तमानकाळाकडे बघून फसायला होत नाही.

अपवाद म्हणून पोदेर (शकणे) लक्षात ठेवा. शेवट -एर असूनही त्याचं पुदिएन्दो होतं. रेईर (हसणे) या क्रियापदाचं रिएन्दो. तिथे दोन ‘इ’ शेजारी येतात, त्यातला एक गळतो.

शंका आली तर साध्या भूतकाळाचं तृतीयपुरुषी एकवचन आठवा. ‘त्याने मागितलं’ हे पिदियो, ‘तो झोपला’ हे दुर्मियो. तोच ‘इ’, तोच ‘उ’ हेरुन्दियोत येतो.

आता वाक्य करा. एस्तार (असणे) या क्रियापदाच्या रूपापुढे हेरुन्दियो ठेवा: एस्तोय पिदिएन्दो, मी मागतोय. इथे मराठी माणसाने एक काळजी घ्यायची. आपण ‘बाळ झोपलंय’ म्हणतो आणि ते गाढ झोपेत असतं. स्पॅनिशमध्ये त्यालाही ‘एस्ता दुर्मिएन्दो’च म्हणतात. उलट ‘तो खुर्चीत बसलाय’ यासाठी हेरुन्दियो चालत नाही, तिथे ‘एस्ता सेन्तादो’ हवं. ‘एस्ता सेन्तान्दोसे’ म्हटलं तर तो अजून खुर्चीत टेकतोय असा अर्थ होतो.