बागेत आलेला नवखा पक्षी कसा हेरावा

कपडे वाळत घालता घालता कुंपणाशी काहीतरी हलतं. बघता बघता एक अनोळखी पक्षी फांदीवर येऊन बसतो, दोनदा शेपटी हलवतो आणि निघून जातो. ओला कपडा हातातच राहतो. मग दिवसभर एकच चाळा : कोण होता तो?

असं दर्शन घडणं हा नशिबाचा भाग वाटतो. पण काही जणांच्या बागेत नवे पाहुणे सारखे दिसतात आणि शेजारच्या तशाच बागेत वर्षानुवर्षं ‘काही येतच नाही’. बहुतेक वेळा दोन्ही बागांत सारखेच पक्षी येत असतात, एका घरी ते कोणाच्या लक्षात येत नाहीत एवढंच.

पायरी १ : आधी रोजच्यांशी ओळख

पहिले तीन आठवडे दुर्मीळ पक्ष्याचा विचारसुद्धा नको. एक जागा, एक वेळ ठरवा आणि रोज वीस मिनिटं बसा. वहीत तारीख, वेळ, हवा कशी होती आणि कोण कोण दिसलं ते लिहा. नेहमीच्या पक्ष्यांची यादी पहिल्याच आठवड्यात तयार होते. ओळख व्हायला मात्र वेळ लागतो. साळुंकी एकेक पाऊल टाकत चालते, चिमणी टुणटुण उड्या मारते. शिंपी एवढ्याशा देहातून केवढा मोठा आवाज काढतो! बुलबुल पाण्यावर येण्याआधी कुठल्या फांदीवर थांबतो, दयाळ संध्याकाळी किती उशिरापर्यंत जागा असतो, हे सगळं अंगात मुरलं की पुढचं काम डोळे परस्पर करतात. पानांआड काही हललं आणि ‘ही हालचाल बुलबुलाची नव्हे’ असं आतून वाटलं, की दुर्बीण उचलायची.

हे कंटाळवाणं वाटेल. पण ही पायरी गाळून पुस्तक उघडणाऱ्याला प्रत्येक पक्षी दुर्मीळ वाटतो. मीही त्याच वाटेने गेलो होतो, ती फजिती पुढे सांगतो.

पायरी २ : बसायचं कुठे आणि कधी

सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सर्वांत चांगले. रात्रभर उपाशी असलेले पक्षी तेव्हा खाण्याच्या मागे असतात. ऊन पाठीवर घ्या, नाहीतर समोरच्या पक्ष्याची नुसती काळी आकृती दिसते आणि रंग कळत नाहीत. खोलीतला दिवा बंद ठेवून खिडकीमागे बसलात तर तीच तुमची लपण. हलत्या माणसाला पक्षी बिचकतात, अंधाऱ्या खिडकीकडे फारसं लक्ष देत नाहीत.

स्थलांतराच्या दिवसांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कितीतरी लहान पक्षी रात्री प्रवास करतात आणि पहाटे मिळेल त्या झाडीत उतरतात. रात्री वादळ झालं, उलटा वारा सुटला की थकलेले प्रवासी नको तिथे उतरतात. अशा रात्रीनंतरची सकाळ झोपून घालवू नका. आणि बागेतले दिवे रात्री मालवा, उजेडाने हे प्रवासी भरकटतात.

दुर्बीण ८×४२ ची पुरते. यातला ८ म्हणजे किती पट जवळ दिसतं तो आकडा आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. बागेसाठी घेताना तिसरीच गोष्ट तपासा : दोन मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते का? काही दुर्बिणी तीन-चार मीटरच्या आतलं काही दाखवत नाहीत, आणि बागेतला पक्षी नेमका तिथेच येऊन बसतो.

पायरी ३ : दाण्यापेक्षा पाणी

एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. दाणे टाकले की चिमण्या, मुनिया, कबुतरं येतात. पण ज्यांची तुम्ही वाट बघताय त्यातले बरेच जण किडे, फळं किंवा फुलांतला मध यांवर जगतात. ते दाण्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत, पाण्यावर मात्र येतात.

पसरट, खरबरीत भांडं घ्या. पाणी २.५ ते ५ सेंटिमीटर खोल, त्याहून जास्त नको. तळ गुळगुळीत असेल तर दोन-चार दगड टाका. वर बारीक छिद्राचं मडकं किंवा बाटली टांगून पाणी थेंबाथेंबाने पडू द्या. भरलेल्या भांड्यापेक्षा हलणारं, टपटपणारं पाणी पक्ष्यांना लांबून खुणावतं. पाणी रोज किंवा दिवसाआड बदला. डासांच्या अळ्यांना वाढायला अवसर मिळत नाही आणि पक्ष्यांचे आजारही पसरत नाहीत. भांड्याभोवती दोन-तीन मीटर मोकळी जागा असावी, म्हणजे मांजराला दबा धरता येणार नाही. वर एखादी फांदी मात्र हवी. ओल्या पंखांनी लांब उडता येत नाही, पक्षी तिथे बसून अंग सुकवतो आणि पिसं नीट करतो. नीट बघायची खरी संधी हीच.

दुपार कलताना भांड्याकडे लक्ष ठेवा. स्वर्गीय नर्तक फांदीवरून सूर मारून पाण्याला अंग लावतो आणि परत फांदीवर जातो. तीन सेकंदांचा खेळ, पण तो पुन्हा पुन्हा होतो.

पायरी ४ : बाग थोडी गबाळी राहू द्या

झाडांखालचा पालापाचोळा रोज झाडू नका. कस्तुर आणि नवरंग यांच्यासारखे लाजरे पक्षी तो उलथून किडे वेचतात. एखादी वाळकी फांदी तशीच ठेवा, कोतवाल आणि माशीमार तिच्यावरून भरारी घेऊन हवेतले किडे टिपतात. कोळ्याची जाळी सरसकट काढू नका, शिंजीर आणि शिंपी घरटं बांधताना तेच धागे वापरतात. कीटकनाशक तर नकोच. दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना बहुधा किडेच भरवतात.

पायरी ५ : कान उघडे ठेवा

बुलबुल, सातभाई, कोतवाल असे चार-सहा जण एकाच झाडाभोवती कर्कश गलका करत असतील तर हातातलं सोडून तिकडे जा. आत बहुधा कोणीतरी नकोसा बसलेला असतो : पिंगळा, शिक्रा, साप किंवा मांजर. दिवसा घुबड शोधायचं तर या गलक्यासारखा वाटाड्या नाही. खोडाला लागून, पानांच्या दाट सावलीत बघा.

पायरी ६ : दिसला! आता काय?

नजर त्याच्यावरून काढायची नाही. डोळे तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांशी आणायची. आधी दुर्बिणीकडे बघितलं की पक्षी हरवलाच.

मग मनातल्या मनात सांगत सुटा. चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? चोच जाड, बारीक, वाकडी? शेपटी किती लांब, ती वर-खाली करतो की थरथरवतो? डोळ्यावर भुवईसारखी रेघ आहे का, पंखावर पट्टी आहे का? जमिनीवर, बुंध्यावर की शेंड्यावर? रंग सर्वांत शेवटी, कारण उजेड रंगांच्या बाबतीत हमखास फसवतो. फोटो हललेला आला तरी काढा. पक्षी गेल्यावर आधी वहीत लिहा, जमेल तसं चित्र काढा, आणि पुस्तक मग उघडा. पुस्तकातलं देखणं चित्र एकदा बघितलं की आठवण त्याच्याबरहुकूम बदलते, आणि जे दिसलंच नव्हतं तेही दिसल्यासारखं वाटतं.

पायरी ७ : फसगत ओळखा

आता फजिती. तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, शेपटीवर पट्टे, लांबलचक देह, लालभडक डोळे. मी हा ‘दुर्मीळ’ पक्षी तीन जणांना कळवून मोकळा झालो. ती कोकिळेची मादी होती! काळा नर मला ठाऊक होता, मादी मी कधी नीट बघितलीच नव्हती.

अनोळखी वाटणाऱ्यांत असे ओळखीचेच पुष्कळ निघतात. दयाळाचं पिल्लू ठिपकेदार छातीचं असतं. जांभळ्या शिंजिराचा नर विणीचा काळ सरल्यावर पिवळट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद रेघ तेवढी उरते. स्वर्गीय नर्तकाचा पांढराशुभ्र नर सगळ्यांना माहीत असतो, पण मादी आणि तरुण नर तांबूस असतात. पावश्या तर शिक्र्यासारखा इतका दिसतो की छोटे पक्षीही त्याला बघून ओरडतात. त्याची चोच बघा, ती शिक्र्यासारखी आकडेदार नसते. पांढरा कावळा किंवा पांढरी चिमणी ही वेगळी जात नव्हे, पिसांतलं रंगद्रव्य कमी पडल्याचा तो परिणाम. डोळे लाल-गुलाबी असतील तर तो वर्णहीन, नेहमीच्या रंगाचे असतील तर रंग नुसताच उणा. आणि फारच भडक, माणसाला न बुजणारा पोपट दिसला तर तो कोणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटला असण्याची शक्यता आधी धरा.

पायरी ८ : नोंद ठेवा, पण जपून

‘ईबर्ड’ हा नोंदींचा जागतिक उपक्रम २००२ मध्ये सुरू झाला, त्यात घरच्या बागेतली यादीही चालते. दुर्मीळ पक्ष्याबरोबर त्या वीस मिनिटांतले चिमण्या-कावळेही लिहा. अभ्यासकांना पूर्ण यादीचाच उपयोग जास्त. दर फेब्रुवारीत चार दिवस परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते, ती १९९८ पासून चालू आहे. सुरुवात करायला ते दिवस बरे.

घरट्याचा किंवा घुबडाच्या जागेचा पत्ता मात्र कोणाला देऊ नका. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाजही वाजवू नका. हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो खाणं-पिणं सोडून भांडायला येतो.

खिडकीच्या काचेवर नवखा पक्षी आपटला तर त्याला हवेला भोकं असलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. तासा-दोन तासांत तरतरी आली की झाडाजवळ नेऊन सोडा, नाही आली तर जखमी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना बोलवा. नंतर काचेवर बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके काढा.

वही जपून ठेवा. अनेक स्थलांतरित पक्षी दरवर्षी ठरावीक दिवसांत, कित्येकदा त्याच जागी परततात. माझ्या बागेत थिरथिरा येतो, त्याची तारीख मी दिनदर्शिकेवर पेन्सिलीने लिहितो. ती जवळ आली की सकाळचा चहा खिडकीपाशी.