कोकणात फॉल्स सीलिंग करताय? खर्च दुप्पट करणाऱ्या या चुका टाळा

चार वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही हॉलला जिप्समचं फॉल्स सीलिंग करून घेतलं. घाई कसली, तर गणपतीला मुंबईची मंडळी येणार होती. पुढच्या आषाढात एका सकाळी चहा पिताना वर बघितलं, तर पंख्याशेजारी परातीएवढा तपकिरी गोल. दोन दिवसांत त्या गोलाला पोट सुटलं. आईने झाडूचा दांडा टेकवला, तो अलगद आत रुतला. “खरवस झालाय रे याचा,” ती म्हणाली.

ते सीलिंग काढून नवं करताना जे कळलं, आणि नंतर गुहागर-चिपळूणकडच्या चार-पाच नातेवाइकांच्या घरी जे बघितलं, ते इथे लिहितोय. त्यातल्या निम्म्या चुका माझ्याच आहेत.

पहिली चूक: खाली बघून खर्च काढणं

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतो. जिप्सम बोर्ड म्हणजे दोन कागदांमध्ये दाबलेलं जिप्सम. दमट हवा तो बऱ्यापैकी सोसतो, गळती मात्र अजिबात नाही. म्हणजे सीलिंगचं आयुष्य सीलिंगवर अवलंबून नसून त्याच्या वरच्या स्लॅबवर, पत्र्यावर किंवा कौलांवर असतं. आमच्या गच्चीच्या पाइपात आंब्याची पानं अडकली होती. तिथे तळं साचलं आणि ते पाणी स्लॅबच्या जुन्या भेगेतून उतरून बोर्डावर बसलं. दोन मुठी पाला होता. त्याची किंमत पुढे सांगतोच.

म्हणून सीलिंगवाल्याला बोलावण्याआधी एक पावसाळा नुसतं छताकडे बघा. ओल दिसेल तिथे पेन्सिलीने कडा आखून तारीख टाका. पुढच्या पावसात ती रेघ ओलांडून डाग वाढला, तर गळती चालू आहे. स्लॅब असेल तर उन्हाळ्यात गच्चीचे पाइप बंद करून दोन इंच पाणी दोन दिवस उभं ठेवा आणि खालून बघा. हा फुकटचा उपाय आहे, पण सीलिंगवाला तो सांगत नाही. त्याला दोष देत नाही, त्याचा धंदा स्लॅबच्या खाली सुरू होतो.

पत्र्याखाली सीलिंग करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. थंडीत पहाटे पत्र्याला आतून घाम सुटतो. पत्रा नवा कोरा असला, एकही भोक नसलं, तरी ते दवाचे थेंब बोर्डावर पडत राहतात. लोक भोक शोधत पत्र्यावर चढतात आणि पत्राच दाबून ठेवतात. हवा खेळायला दोन्ही टोकांना जाळी ठेवली की हा प्रकार बराच कमी होतो.

दर विचारला, हिशेब नाही विचारला

आमचा हॉल १२ बाय १६, म्हणजे १९२ चौरस फूट. बोर्ड ६ बाय ४ फुटांचा, २४ चौरस फूट. कागदावर बरोबर आठ बोर्ड बसतात, प्रत्यक्षात कापाकापीत नऊ लागतात. दुसऱ्या वेळी मला दर मिळाला चौरस फुटाला ८० रुपये. मी मनात १५,३६० रुपये धरले आणि खूश झालो. बिल आलं ते असं: सीलिंग १५,३६०. चारी बाजूंनी लाइटची खाच, म्हणजे कोव्ह, ५६ रनिंग फूट (म्हणजे नुसत्या लांबीचे फूट), ७० रुपयांनी ३,९२०. जुनं सीलिंग काढून राडारोडा उचलणं, १२ रुपये फुटाने २,३०४. पुट्टी, प्रायमर आणि रंग, २२ रुपयांनी ४,२२४. बारा लाइटची भोकं, ५० रुपयांप्रमाणे ६००. माल आणायचा टेम्पो २,५००. एकूण २८,९०८. म्हणजे फुटाला दीडशे रुपये पडले, आणि यात वायरमन नाही, दिवे नाहीत.

यात कुणी फसवलं नव्हतं. मीच ‘फुटाला किती?’ एवढंच विचारलं होतं. तुमच्या गावातले दर वेगळे असतील, पण या ओळी तशाच असतील. तेव्हा विचारायचं ते असं: रंग धरून की सोडून? कोव्हचं माप चौरस फुटात एकदा आणि रनिंग फुटात पुन्हा, असं दोनदा येणार का? उभ्या पट्ट्या कशा मोजणार? जुनं काढणं कुणाकडे? परांची कुणाची? जीएसटी आत की बाहेर? कारागिरांचं जेवण-राहणं आपल्याकडे का? खेडेगावात हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. पाच दिवस चार माणसांचं जेवण आमच्याकडेच होतं, ते वरच्या हिशेबात धरलेलंही नाही. बायकोने धरलं आहे.

आणि रंगारी ब्रासमध्ये बोलतो, सीलिंगवाला फुटात. एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. दोघांचे आकडे एकाच मापात आणल्याशिवाय तुलना करू नका.

हिरवा बोर्ड आणि गंजका सांगाडा

“काका, हिरवा बोर्ड टाकू, वॉटरप्रूफ असतो,” असं मला सांगितलं गेलं. तो वॉटरप्रूफ नसतो. हिरव्या कागदाचा बोर्ड दमटपणाला जास्त टिकतो, स्वयंपाकघराला किंवा बाथरूमबाहेरच्या पॅसेजला तो जरूर घ्या. पण वरून टपटप सुरू झाली तर तोही भिजतो, फक्त पैसे जास्त गेलेले असतात. पाऊस तिरका आत येतो त्या उघड्या पडवीला जिप्सम नकोच. तिथे फायबर सिमेंटचा बोर्ड किंवा पीव्हीसीच्या पट्ट्या. पीव्हीसी मला दिसायला आवडत नाही, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये बसल्यासारखं वाटतं, पण पडवीत तीच टिकते.

बोर्डावर एवढी चर्चा होते आणि ज्याच्यावर तो लटकतो त्या धातूच्या पट्ट्यांकडे, म्हणजे चॅनेलकडे, कुणी बघत नाही. एक बोर्ड साधारण वीस किलोचा, म्हणजे आमच्या हॉलच्या डोक्यावर दीडशे किलोच्या वर वजन आहे. चॅनेल जस्ताच्या मुलाम्याचे असतात, आणि खाऱ्या हवेत गंज सुरू होतो तो कापलेल्या टोकांपासून आणि स्क्रूच्या भोकांपासून. हलक्या चॅनेलमध्ये मुलामा पातळ असतो. जाडी आणि मुलाम्याचं वजन विचारा. मुलामा चौरस मीटरला १२० ग्रॅमचा असला तर बरा. कापलेल्या टोकांना झिंकचा प्रायमर मारून घ्या. हे काम अर्ध्या तासाचं आहे, समोर उभं राहिल्याशिवाय होत नाही. आमच्या जुन्या सीलिंगमध्ये काही ठिकाणी सांगाडा टांगायच्या पट्टीच्या जागी बांधकामाची काळी तार वापरलेली निघाली. हाताने ओढली तर तुटली.

खालच्या चॅनेलांमधलं अंतर दीड फूट हवं, स्क्रू साधारण नऊ-नऊ इंचांवर. बोर्ड चढवण्याआधी सांगाड्याचे मोबाइलवर फोटो काढा. पुढे कुठे भोक पाडायचं, कुठे नाही, हे त्या फोटोंवरूनच कळतं.

मंडपी कुठे टांगणार?

ही चूक बाहेरच्या कुठल्याही कारागिराला सुचणार नाही, कारण ती आपल्याकडचीच आहे. गणपतीच्या डोक्यावर आपण मंडपी बांधतो, तळकोकणात तिला माटवी म्हणतात. लाकडी चौकट, तिला आंब्याचे टाळ म्हणजे डहाळ्या, नारळ, सुपारीची शिपटं, तवसं म्हणजे मोठी काकडी, आणि कवंडळं, हरणं अशी रानातली फळं-फुलं. नारळ पाच असोत की अकरा, सगळं मिळून वजन सहज पंधरा-वीस किलोवर जातं. माझ्या चुलतभावाने नव्या सीलिंगला चार स्क्रूहूक मारले आणि मंडपी टांगली. आरतीच्या वेळी एक हूक सुटला. गणपतीला काही झालं नाही, तवसं भटजींच्या खांद्यावर पडलं. बोर्डाचा तुकडा मात्र हाताएवढा निघाला.

सीलिंग करायच्या आधी स्लॅबला किंवा वाशाला पक्क्या कड्या मारून त्यांच्या सळया बोर्डातून खाली आणायच्या. वर्षभर त्यावर छोटी टोपी बसवता येते. झोपाळ्याच्या कड्यांचं तेच, पंख्याचं तेच. पंखा कधीही बोर्डावर येता कामा नये, तो स्लॅबच्या हुकावर लांब दांड्याने टांगायचा आणि त्याची वाटी बोर्डाला टेकू द्यायची नाही. टेकली की पंख्याच्या थरथरीने भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. आणि आधी उंची मोजा. जमिनीपासून पात्यांपर्यंत आठ फूट उरले पाहिजेत. नाहीतर सीलिंग भिंतीकडेने करा आणि मधला भाग मोकळा सोडा. तसं केलं तर पैसेही वाचतात.

कौलारू घराचं वेगळं आहे

वासे-रिपा पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. त्यांना बोर्ड थेट ठोकला की दोन वर्षांत सगळे सांधे उघडतात. मधे चॅनेलचा सांगाडा लागतोच. शिवाय वानर कौलं सरकवतात, वर उंदीर घरटी करतात आणि उंदरांच्या मागे धामण येते. पूर्वीच्या लाकडी तक्तपोशीवर काय धावतंय ते आवाजावरून तरी कळायचं. म्हणून कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांचं उघडता येणारं झाकण ठेवा. वाळवी जिप्सम खात नाही, पण बोर्डाचा कागद आणि वासा दोन्ही खाते, तेही या झाकणातूनच दिसेल. माझं स्पष्ट मत, ज्यांचं माजघर अजून कौलांचं आणि उंच आहे त्यांनी ते झाकूच नये. चक्रीवादळाचाही विचार करा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोली भागात कित्येक घरांचे पत्रे आणि कौलं उडाली. अशा वेळी वरचं छत गेलं की खालचं जिप्सम तासाभराच्या पावसात संपतं.

आता बिघडलंच असेल तर

डाग बघून निदान करता येतं. तपकिरी कडेचा गोल म्हणजे वरून पाणी. काळे ठिपके म्हणजे बुरशी, बहुधा कोंडलेली हवा. एका ओळीत नारिंगी टिपके दिसले तर रंगाखालचे स्क्रू गंजलेत. सरळ रेषेत तडा म्हणजे सांध्याला कागदी टेप न लावता नुसती पुट्टी भरलेली आहे. त्यावर पुन्हा पुट्टी भरणं म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तोच तडा. सांधा खरवडून, टेप चिकटवून, सांध्याच्या मसाल्याचे तीन हात वाळवत-वाळवत द्यावे लागतात.

पोट सुटलेलं दिसलं तर आधी त्या खोलीच्या दिव्या-पंख्यांचा मेन बंद करा. मग खाली बादली ठेवा आणि बाजूला उभं राहून स्क्रूड्रायव्हरने सर्वांत खालच्या जागी एक भोक पाडा. पाणी एका जागी उतरतं आणि अख्खा बोर्ड अंगावर यायचा वाचतो. आमच्याकडे पाऊण बादली निघाली.

नंतरचा प्रश्न, तुकडा बदलायचा की सगळं? दाबल्यावर घट्ट लागला, नुसता डाग असला, तर बोर्ड ठेवा. गळती बंद करून पूर्ण वाळू द्या, मग ऑइल प्रायमर आणि त्यावर रंग. डागावर थेट पाण्याचा रंग मारलात तर महिन्याभरात डाग पुन्हा वर येतो. मऊ झालेला, लोंबलेला बोर्ड मात्र वाळवून वाचत नाही. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात ज्यांच्या तळमजल्यात सीलिंगपर्यंत पाणी गेलं, त्यातल्या काहींनी पंखे लावून बोर्ड वाळवायचा प्रयत्न केला. दिवाळीपर्यंत वास आणि बुरशी, शेवटी काढावेच लागले.

तुकडा बदलायला चॅनेलच्या मध्यापासून मध्यापर्यंत चौकोन कापायचा, म्हणजे नव्याला दोन्ही बाजूंना आधार मिळतो. चार फुटांच्या तुकड्याला फुटाचा दर लागत नाही हे मात्र लक्षात ठेवा. चिपळूणहून माणूस येणार, त्याची पूर्ण दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं तुकडा केवढाही असला तरी द्यावंच लागतं. वाडीत आणखी दोन घरांची कामं गोळा करून त्याला एकदाच बोलावणं परवडतं.

कामाची वेळ दिवाळी ते शिमगा. श्रावणात मसाला वाळत नाही, पण गणपतीच्या नादात कारागीर त्याच्यावरच रंग मारून मोकळा होतो. माझं पहिलं सीलिंग तसंच झालं होतं.

दुसऱ्या वेळी मी तीन हजार रुपये मागे ठेवले आणि सांगितलं, पहिला मोठा पाऊस झाला की या, बघा आणि घेऊन जा. त्याने तोंड वाकडं केलं, पण कबूल केलं. जूनच्या मध्यावर छत्री झटकत आला, मान वर करून सगळीकडे बघितलं, झाकण उघडून आत बॅटरी मारली. कोरडं होतं. चहा घेतला, पैसे मोजले आणि जाता जाता म्हणाला, “काका, गच्चीच्या पाइपाला जाळी बसवलीत ना?”

बसवली होती. एकशे वीस रुपयांची.