कोर्ट मार्शलच्या आधीच हरलेली केस : जवानांनी आणि घरच्यांनी या चुका टाळा

टोपी उतार, बेल्ट उतार, सावधान. 'लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट' करत जवानाला सीओ साहेबांच्या (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या) टेबलासमोर आणून उभं केलं जातं. चार्ज, म्हणजे आरोप, वाचला जातो. 'गलती मानते हो?' 'जी, साहब.' पुन्हा लेफ्ट-राइट आणि बाहेर. पाच मिनिटांचा मामला, यालाच मार्च-अप म्हणतात. त्या 'जी, साहब'ची किंमत कळते ती नोकरी गेल्यावर.

असे कागद घेऊन माणसं माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'सर, चांगला वकील कोण?' कागद चाळले की दिसतं, केस कोर्ट बसायच्या कितीतरी आधी हातची गेली आहे, आणि बहुतेक वेळा एखाद्या सहीत गेली आहे. पुढचं सगळं आर्मी ॲक्ट १९५० आणि आर्मी रूल्स १९५४ धरून लिहितोय. नौदल आणि हवाई दलाचे कायदे वेगळे आहेत, तेव्हा तिथल्यांनी कलमांचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

मार्च-अपला गप्प राहणं

रूल २२ प्रमाणे चार्जची सुनावणी आरोपीच्या समोर व्हावी लागते. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायची, आपला साक्षीदार बोलवायची, आपलं म्हणणं मांडायची मोकळीक तिथेच मिळते. गुन्हा दिसत नसेल तर सीओ चार्ज तिथल्या तिथे काढून टाकू शकतात. पण नायक-हवालदार सोडा, वीस वर्षांच्या नोकरीचा माणूसही तिथे तोंड उघडत नाही. 'साहेबांना उलट बोलल्यासारखं होईल.' शिस्तीत उभं राहून 'साहब, इस गवाह से मुझे दो सवाल पूछने हैं' म्हणणं म्हणजे उलट बोलणं नव्हे.

समरी ऑफ एव्हिडन्सवर न वाचता सही

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. सुनावणीनंतर सीओ पुरावा लेखी नोंदवायला सांगतात. ती समरी ऑफ एव्हिडन्स, रूल २३. पुढे कोर्ट मार्शलमध्ये दोन्ही बाजू याच कागदावर भांडतात. इथेही साक्षीदारांची उलटतपासणी आरोपीला करता येते. काही विचारलं नाही, तर साक्षीखाली 'आरोपीने उलटतपासणीस नकार दिला' अशी ओळ येते आणि तिच्याखाली आरोपीची सही. मी पाहिलेल्या एका समरीत सात साक्षीदार होते आणि सातही वेळा तीच ओळ. सातव्याने तर घटनेच्या वेळी आपण लंगरमध्ये (जेवणघरात) होतो असं स्वतःच सांगितलं होतं. 'मग तुला दिसलं कसं?' एवढा एक प्रश्न पुरला असता.

साक्षी संपल्या की आरोपीला तंबी देतात : बोलायची सक्ती नाही, पण जे बोलाल ते लिहिलं जाईल आणि पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकेल. ती विधी म्हणून ऐकू नका. काय बोलायचं हे ठरलेलं नसेल, तर 'मला आत्ता काही सांगायचं नाही' हे पूर्ण आणि कायदेशीर उत्तर आहे.

आणि भाषा. समरी इंग्रजीत लिहिली जाते. इंग्रजी न कळणाऱ्याला सहीआधी ती त्याला समजणाऱ्या भाषेत सांगायला हवी, हे नियमातच आहे. मराठी माणूस हिंदीत 'समझ गया' म्हणून मोकळा होतो. समजलं नसेल तर समजलं नाही म्हणा, दोनदा म्हणा.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीला खटला समजणं

कोर्ट ऑफ इन्क्वायरी ही खटल्याआधीची नुसती लष्करी चौकशी. इन्क्वायरीत काही कबूल करून बसलो, आता सगळं संपलं, असं बरेच जण धरून चालतात आणि पुढे लढतच नाहीत. रूल १८२ सांगतो की इन्क्वायरीतला जबाब किंवा कबुली तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी करताना मात्र ते कागद वापरता येतात, म्हणून प्रत मागा. तुमच्या चारित्र्यावर किंवा सैनिकी लौकिकावर बालंट येत असेल तर रूल १८० लागतो : इन्क्वायरीत पूर्णवेळ हजर राहण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा हक्क. बाहेर बसवून ठेवलं असेल तर त्याच दिवशी तारखेसह लेखी द्या.

'गिल्टी मान, हलक्यात सुटशील'

समरी, म्हणजे झटपट उरकणाऱ्या, कोर्ट मार्शलमध्ये न्यायाधीश खुद्द सीओ. सोबत बसणारे दोघे फक्त हजर असतात, निर्णय त्यांचा नसतो. लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या हुद्द्याचे सीओ एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतात, वर डिसमिस, म्हणजे बडतर्फ, करू शकतात. 'हलकं' म्हणतात ते हेच. आणि डिसमिस म्हणजे साधारणपणे पेन्शनवरही पाणी. चौदा वर्षं काढलेल्या माणसाने हा हिशेब 'गिल्टी' म्हणायच्या आधी करावा. गुन्हा मान्य केला की साक्षीदारांची फेरी टळते, समरी ऑफ एव्हिडन्स वाचली जाते आणि शिक्षा होते. आपण काय मान्य केलं हे कळलंच नव्हतं, असं कोर्टाला तेव्हाही दिसलं तर नोंद बदलून 'नॉट गिल्टी' करता येते. पण ते कुणीतरी बोलायला हवं ना! रूल १२९ प्रमाणे मदतीला माणूस घेता येतो, वकीलसुद्धा. तो स्वतः साक्षीदाराला प्रश्न विचारू शकत नाही, पण कानात सांगू शकतो.

ज्यांच्याविरुद्ध तक्रार केली तेच सीओ कोर्ट चालवायला बसले तर? रणजित ठाकूर हा सिग्नलमन (सिग्नल्समधला जवान) असाच सापडला. सीओंची तक्रार थेट वरिष्ठांकडे पाठवली म्हणून २८ दिवस कैद. ती भोगत असताना जेवायचा हुकूम मोडला असा चार्ज, आणि त्याच सीओंच्या समरी कोर्ट मार्शलमध्ये एक वर्ष कैद नि डिसमिस. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पक्षपात आणि अवाजवी शिक्षा, दोन्हींवर बोट ठेवून ते रद्द केलं. २०१६ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद असावा, तातडीची कारवाई गरजेची असेल तेव्हाच. तातडी कसली होती हे विचारायला विसरू नका.

सुट्टी उलटली आणि घरच्यांनी फोन बंद ठेवला

ही चूक गावाकडची. आई आजारी, पोरगा परत जात नाही, युनिटचा फोन आला की 'तो बाहेर गेलाय'. ३० दिवस उलटले की गैरहजेरीची इन्क्वायरी बसते आणि नंतर पोलीस दारात येतात. सुट्टी वाढवून हवी असेल तर मुदत संपण्याआधी लेखी मागा, जवळच्या लष्करी रुग्णालयात किंवा लष्कराच्या स्टेशन मुख्यालयात तोंड दाखवा. खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर विसंबू नका. कलम १४३ फार कमी जणांना माहीत असतं : गैरहजेरीचं सबळ कारण सांगून त्याला दुजोरा म्हणून एखाद्या सरकारी अधिकाऱ्याचं नाव दिलं, तर कोर्टाला त्याला पत्र लिहून उत्तर येईपर्यंत कामकाज थांबवावं लागतं. सरकारी रुग्णालयात आईला दाखल केलं असेल, तर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं नाव-हुद्दा नीट लिहून ठेवा.

तक्रारीचा व्हिडिओ करून व्हॉट्सॲपवर टाकणं याबद्दल फार बोलत नाही. वरिष्ठांकडे दाद मागायचा कलम २६ चा रस्ता हळू आहे, चीड आणणारा आहे, पण व्हिडिओने मूळ तक्रार बाजूला पडते आणि नवा चार्ज तयार होतो.

चार रेड इंक एंट्री (शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदी) झाल्या, आता घरी जाणार, असं मानून डिस्चार्जच्या कागदावर गुपचूप सही करणारेही आहेत. २०१५ च्या वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की नुसत्या चार एंट्री पुरेशा नाहीत, चौकशी आणि माणसाच्या नोकरीचा विचार व्हायला हवा.

शिक्षेनंतरची घाई नि दिरंगाई

आधी कलम १६४ खाली शिक्षेविरुद्ध अर्ज, मग आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल (सैन्यदलांचं न्यायाधिकरण), हा नेहमीचा क्रम. सेवेच्या प्रकरणात अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे. युनिट राजौरीत होतं म्हणून तिकडेच जावं लागत नाही : नोकरीतून बाहेर पडलेला माणूस राहत्या ठिकाणच्या खंडपीठाकडे जाऊ शकतो, महाराष्ट्र-गोव्यासाठी ते मुंबईत आहे. बीएसएफ, सीआरपीएफवाल्यांनी मात्र तिथे खेटे घालू नयेत, त्यांचा रस्ता हायकोर्टाचा.

वकिलाकडे जाताना नुसता डिसमिसलचा आदेश नेऊ नका. कोर्ट मार्शलच्या कामकाजाची प्रत मागणं हा हक्क आहे, रूल १४७. ती मिळते कागद नष्ट होईपर्यंतच, आणि ते कायम ठेवले जात नाहीत. अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने टाका, पोचपावती घरच्या ट्रंकेत ठेवा.