ग्रिलसाठी जादा सिलिंडर ठेवताना या चुका टाळा

थंडी पडली की पुण्यातल्या रो-हाउसच्या मागच्या अंगणांत गॅसचे ग्रिल बाहेर निघतात, आणि कणसे अर्धी भाजून झालेली असताना टाकी संपण्याचा अनुभव एकदा आला की माणूस दुसरी टाकी आणून ठेवतो. आणणे योग्यच आहे, कारण तीन बर्नरचा, साधारण १० किलोवॅटचा ग्रिल पूर्ण आचेवर तासाला पाऊण किलोच्या आसपास गॅस घेतो, म्हणजे ५ किलोची टाकी सहा-साडेसहा तासांत संपते. मात्र आणलेली टाकी ठेवायची कुठे आणि कशी, हे विचारण्याची तसदी फार थोडे लोक घेतात, आणि नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहून मी आता खरोखर थकलो आहे.

सर्वांत वाईट चूक म्हणजे भरलेली टाकी बंद जागेत ठेवणे. सिंहगड रस्त्यावर माझ्या मावसभावाचे रो-हाउस आहे. जुलैतल्या पावसात टाकी गंजू नये म्हणून त्याने ती अंगणातून उचलून जिन्याखालच्या कपाटात, इन्व्हर्टर आणि बॅटरीच्या शेजारी ठेवली होती. आठवडाभराने मी संध्याकाळी त्याच्याकडे गेलो, चपला काढण्यासाठी वाकलो आणि गॅसचा वास आला. सरळ उभा राहिलो तर तो जवळजवळ नाहीसा झाला. घरातल्या कोणालाही काही जाणवले नव्हते, कारण सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचून राहतो. पुण्यात आता अनेकांच्या स्वयंपाकघरात पाइपचा गॅस आला आहे. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर जाऊन खिडकीतून निघून जातो, आणि तीच समजूत लोक सिलिंडरलाही लावतात.

मी सर्वांना बाहेर काढले, दारे-खिडक्या उघडल्या आणि कोणत्याही बटणाला हात लावायचा नाही असे बजावले. तेवढ्यात मावसभाऊ कंपाउंडच्या भिंतीवरच्या मीटरपाशी मेन स्विच बंद करायला धावला. एरवी ही सूचना कोणीही दिली असती, पण मेन बंद होताक्षणी इन्व्हर्टर आपोआप चालू होतो, चालू होताना त्याच्या आतल्या रिलेत ठिणगी पडते, आणि तो इन्व्हर्टर गॅस साचलेल्या त्याच कपाटात होता. मी त्याला दंडाला धरून थांबवले. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार. आम्ही कोणी काही केले नसते तरी सकाळी तो इन्व्हर्टर चालू झालाच असता. हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला की ते मिश्रण पेट घेऊ शकते, आणि तीन घनमीटरच्या कपाटात तेवढ्यासाठी दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस पुरतो.

वारा खेळून वास पूर्ण विरल्यावर मी अंगणातल्या चालू टाकीचे टोपण आणून गळणाऱ्या टाकीच्या झडपेवर दाबून बसवले, टाकी उचलून मोकळ्यावर नेली आणि मग १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन केला. वास दाट असता तर मी आत पाऊलही टाकले नसते; बाहेर थांबून फोन करणे एवढेच अशा वेळी माणसाच्या हातात असते. आलेल्या मेकॅनिकने झडपेची पिन पूर्ण वर येऊन बसत नसल्याचे दाखवले, कारण तिच्या कडेला बारीक रेती अडकली होती. टोपण नसल्यामुळेच ती आत गेली होती. टाकीचे मूळ टोपण स्वयंपाकघराच्या खणात, दोरी कापलेल्या अवस्थेत सापडले.

त्या टोपणाविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते. ते धूळ बसू नये म्हणून दिलेले झाकण आहे असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात झडपेची पिन गळू लागली तर गॅस अडवणारी ती शेवटची सोय आहे, आणि म्हणूनच ते नायलॉनच्या दोरीने टाकीला बांधून दिलेले असते. रेग्युलेटर लावताना दोरी मध्ये येते म्हणून ती कापून टाकणाऱ्यांना मी प्रत्येक वेळी टोकतो आणि त्यांना ते आवडत नाही. माझ्याकडे भरलेल्या टाकीवर टोपण असतेच, पण रिकामीवरही असते, कारण रिकामी म्हणतो त्या टाकीतही थोडा गॅस उरलेलाच असतो.

माझी जादा टाकी मागच्या भिंतीलगत, सावलीत, चारही बाजूंनी वारा लागेल अशी उभी असते. सांडपाण्याच्या चेंबरपासून ती दूर आहे, बुडाला ओल धरू नये म्हणून खाली दोन विटांवर फळी आहे आणि पावसासाठी वर पत्र्याचा तुकडा आहे. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली टाकी आतून घामेजते आणि लवकर गंजते. ग्रिलच्या खालच्या कप्प्यात जागा मोकळी दिसते म्हणून जादा टाकी तिथे सरकवणे ही आळसातून होणारी आणि अक्षम्य चूक आहे. सोसायटीच्या तळघरातील पार्किंगविषयी तर बोलायलाच नको.

नवशिक्यांना हमखास चकवणारी दुसरी गोष्ट म्हणजे गारठलेली टाकी. ग्रिल तासभर मोठ्या आचेवर चालला की ज्योत खाली येते, टाकीच्या बाहेरून पाण्याचे थेंब धरतात, आणि मंडळी टाकी संपली असे जाहीर करतात. द्रवरूप गॅसची वाफ होताना तो टाकीतलीच उष्णता घेतो, आणि टाकी जितकी लहान तितकी ती लवकर थंड होते. आपल्याकडच्या गॅसमध्ये प्रोपेनबरोबर ब्यूटेनही असतो, आणि ब्यूटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास जवळजवळ थांबते, त्यामुळे ज्योतीचा जोर ओसरतो. अशा वेळी टाकीवर उकळते पाणी ओतणारे, किंवा ती आडवी करून हलवणारे लोक मी पाहिले आहेत. आडव्या टाकीतून वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये उतरतो आणि बर्नरवर भडका उडतो. मी एक बर्नर बंद करतो आणि वाट पाहतो. पंधरा मिनिटे थांबण्याचा धीर नसेल तर ग्रिलच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टाकी खरोखर किती उरली आहे हे ओल्या फडक्याने पुसून पाहता येते, कारण द्रव असेल तिथपर्यंतचा भाग उशिरा वाळतो. पण मला ताणकाट्यावरच विश्वास वाटतो. टाकीच्या कड्याखालच्या पट्टीवर रिकामे वजन कोरलेले असते, ते एकूण वजनातून वजा केले की गॅस उरतो. त्याच ठिकाणी पुढच्या चाचणीची मुदतही असते: ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या, त्यामुळे सी-२८ याचा अर्थ सप्टेंबर २०२८ पर्यंत. मुदत उलटलेली टाकी दारातूनच परत करावी.

परदेशातून परतणारे नातेवाईक ग्रिल सोबत आणतात, आणि अमेरिकन ग्रिलची जोडणी आपल्या झडपेवर बसत नाही. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून हॉटेलच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर आणून क्लिपा आवळल्या जातात. घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाबाने गॅस सोडतो आणि अमेरिकन ग्रिलही जवळपास तेवढ्याच दाबासाठी बनवलेला असतो, म्हणून जाणकाराकडून आपला साधा रेग्युलेटर आणि तारेची जाळी असलेली नारंगी सुरक्षा नळी बसवून घ्यावी. ती नळीही पाच वर्षांनी बदलावी लागते.

मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत गॅस भरून देणाऱ्याकडे कधीही जाऊ नये. ते बेकायदा आहे आणि टाकीत गॅस फुगण्यासाठी जागा न उरण्याचा धोका त्यात असतो. स्वयंपाकघरातली टाकी अंगणात नेण्यापेक्षा ५ किलोची स्वतंत्र टाकी घ्यावी. ती पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळते. गाडीतून आणताना टाकी उभी ठेवावी, काचा खाली घ्याव्यात आणि वाटेत दुसरी कामे काढू नयेत.

टाकी बदलताना मी ग्रिल पूर्ण बंद करतो, सर्व नॉब तपासतो आणि तुळशीपुढचा दिवा शांत होईपर्यंत थांबतो. नवी टाकी आली की टोपण काढून आतला वायसर जागेवर आहे का ते बॅटरीच्या उजेडात पाहतो, रेग्युलेटर बसवतो आणि साबणाचे पाणी ब्रशने सांध्यावर लावतो. काडी पेटवून गळती शोधणारे लोक आजही भेटतात, त्यांच्यासमोर मी मुद्दाम हा ब्रश फिरवतो. बुडबुडा एक जरी धरला तरी रेग्युलेटर काढून टोपण बसवतो आणि त्या दिवशी कणसे कोळशाच्या शेगडीवर भाजतो.